हार्लेमची गाणारी मुलं

हार्लेम हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ते विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिच्या पायथ्याशीच ही वस्ती सुरू होते. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हापासून कृष्णवर्णीयांच्या लढ्याबद्दल, कवितेबद्दल, जॅझबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं. त्याच हार्लेममध्ये त्याच वर्षांत दहा-बारा वर्षांची मुलं चर्चच्या तळघरात बाख आणि हेंडेल घोटत होती, ही गोष्ट मात्र मराठीत फारशी आलेली नाही.

एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. हार्लेममध्ये जाळपोळ झाली, दुकानं फुटली. त्याच वर्षी लेनॉक्स अव्हेन्यूवरच्या एफेसस चर्चमध्ये वॉल्टर टर्नबुल या चोविशीतल्या गायकाने वस्तीतली वीसेक मुलं गोळा केली आणि त्यांना गाणं शिकवायला सुरुवात केली. टर्नबुल मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावचे. काळ्यांच्या शाळा वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या, अशा काळात ते वाढले. टूगलू या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात संगीत शिकून ते न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये आले. आवाज टेनरचा, म्हणजे पुरुषांच्या वरच्या पट्टीतला, आणि ओढ ऑपेराची. स्वतःची कारकीर्द घडवायला आलेला हा माणूस पुढची जवळजवळ चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांचे आवाज घडवत राहिला.

त्या दिवसांत हार्लेममध्ये असं करणारे ते एकटे नव्हते. गायिका डोरोथी मेनर यांनी 1964 मध्ये हार्लेम स्कूल ऑफ द आर्ट्स सुरू केलं होतं. किंग यांच्या हत्येनंतर नर्तक आर्थर मिचेल यांनी 1969 मध्ये कारेल शुक यांच्यासह डान्स थिएटर ऑफ हार्लेम उभं केलं आणि काळी मुलं बॅले नाचू लागली. उत्तम ते आमच्या मुलांनाही मिळालं पाहिजे, उद्या नको, आजच, हा आग्रह या तिघांच्याही कामात दिसतो. आणि हे उत्तम मिळवताना आपलं स्वतःचं टाकून द्यायचं नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फक्त मुलग्यांचा वृंद ही युरोपची जुनी प्रथा. चर्चमधल्या गायनात स्त्रियांना मज्जाव, म्हणून वरच्या पट्टीसाठी मुलगे. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचा वृंद 1212 पासूनचा आणि व्हिएन्नाच्या दरबारी वृंदाची सुरुवात 1498 ची. बाख 1723 पासून मरेपर्यंत लाइपझिगमध्ये अशाच मुलांकडून गाऊन घेत होता. शुबर्ट लहानपणी व्हिएन्नाच्या दरबारी वृंदात गायचा. हायडन तिथल्याच सेंट स्टीफन्स कॅथीड्रलमध्ये गात होता, आणि आवाज फुटल्यावर त्याला बाहेर पडावं लागलं. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांमधल्या बालनटांनाही या वयाची धास्ती असायची. तेराव्या-चौदाव्या वर्षी घसा बदलतो आणि काल सहज लागणारा स्वर आज लागत नाही. पूर्वी हे वय जरा उशिराच यायचं, आता ते लवकर येतं. त्यामुळे मुलग्यांच्या कोणत्याही वृंदाला आपला वरचा आवाज दर दोन-तीन वर्षांनी नव्याने घडवावा लागतो. शिकून तयार झालेला मुलगा हाती येतो, तोवर तो जाण्याच्या वाटेवर असतो.

टर्नबुल यांचा सगळ्यात मोठा निर्णय मला इथे दिसतो. व्हिएन्नात आवाज फुटला की मुलगा प्रवासी वृंदातून बाहेर पडतो. हार्लेममध्ये तो राहिला. आवाज स्थिरावेपर्यंत त्याला जपलं आणि मग तो टेनर किंवा बास गाऊ लागला. त्यामुळे या वृंदात आठ-नऊ वर्षांच्या पोराशेजारी अठरा वर्षांचा तरुण उभा असे. संगीताच्या अंगाने त्याचा फायदा झालाच, चारही आवाज घरचे मिळाले. पण कारण संगीतापुरतं नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलाला हार्लेमच्या रस्त्यावर परत पाठवायचं म्हणजे नेमक्या धोक्याच्या वयात त्याचा हात सोडायचा. तो सोडायचा नाही, असं ठरवलेली ही संस्था होती. म्हणून शाळा सुटल्यावर रोज तालीम, तालमीला जोडून अभ्यासाची शिकवणी आणि घरच्या अडचणींसाठी समुपदेशक, असा सारा संसार गाण्याभोवती उभा राहिला.

1975 मध्ये चर्चचा हा वृंद ‘बॉइज क्वायर ऑफ हार्लेम’ या नावाने स्वतंत्र संस्था म्हणून नोंदला गेला. ते वर्ष न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर असण्याचं. शाळांमधले संगीतशिक्षक कमी होत होते, आणि इथे संगीताच्याच जोरावर संस्था उभी राहत होती.

मग प्रवास सुरू झाला. 1979 मध्ये वृंद युरोपच्या दौऱ्यावर गेला. डच वसाहतकारांनी सतराव्या शतकात मॅनहॅटनच्या उत्तरेला गाव वसवलं आणि त्याला आपल्या देशातल्या हारलेम शहराचं नाव दिलं. त्या नावाच्या दोन टोकांना जोडणारा ‘फ्रॉम हार्लेम टू हारलेम’ हा एका गायक मुलाची गोष्ट सांगणारा माहितीपटही निघाला. पुढे जपान, कॅनडा, कॅरिबियन बेटं असे दौरे होत राहिले. कार्यक्रमाची मांडणी ठरलेली असे: आधी बाख, मोझार्ट, शुबर्ट, मग गुलामीच्या काळातली स्पिरिच्युअल्स, मग गॉस्पेल, ड्यूक एलिंग्टनचा जॅझ आणि शेवटी पावलं थिरकवणारी आजची गाणी. लॅटिन, जर्मन आणि आपल्या आजीच्या चर्चची इंग्रजी, तिन्ही एकाच संध्याकाळी आणि एकाच तोंडात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. युरोपचं संगीत पाहुण्यासारखं उसनं आणलेलं नव्हतं आणि स्वतःचं संगीत शेवटी टाळ्या मिळवण्यापुरतं ठेवलेलं नव्हतं. दोन्हींची तालीम सारख्याच कडक शिस्तीत होत असे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाबरोबर क्वायर अकॅडमी ऑफ हार्लेम ही शाळा उभी राहिली, आणि 1993 पासून तिथे चौथी ते बारावीचे वर्ग भरू लागले. मुलींचा वृंदही जोडला गेला. त्याच वर्षी मुलांनी ब्रॉडवेच्या रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये कार्यक्रम केला. 1990 मध्ये तुरुंगातून सुटलेले नेल्सन मंडेला न्यूयॉर्कला आले तेव्हा आणि 1995 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्या सेंट्रल पार्कमधल्या मिस्सेच्या वेळी हीच मुलं गायली. 1996 चं राष्ट्रीय कला पदक वृंदाला मिळालं. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर यँकी स्टेडियममध्ये सर्वधर्मीय प्रार्थना झाली, तिथेही हार्लेमचीच मुलं-मुली गात होती.

त्याच 2001 मध्ये एका विद्यार्थ्याने संस्थेतल्या समुपदेशकाविरुद्ध लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. तो माणूस पुढे न्यायालयात दोषी ठरला. शहराच्या तपासात असं नोंदवलं गेलं की, तक्रार कळूनही संस्थेच्या प्रमुखांनी ती वेळेवर अधिकाऱ्यांपर्यंत पोचवली नाही. टर्नबुल यांना कारभाराची सूत्रं सोडावी लागली. मुलांचा सांभाळ हाच ज्या संस्थेचा पाया, तिथे मुलाच्या शब्दापेक्षा सहकाऱ्यावरचा विश्वास वरचढ ठरला. हे क्षम्य नाही, आणि आधीच्या तीस वर्षांच्या कामाने ते झाकलंही जात नाही. मला वाटतं, एका माणसाच्या इच्छाशक्तीवर चालणाऱ्या संस्थेत त्या माणसाला थांबवून प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही. हार्लेमच्या वृंदाचं बळ जिथून आलं, तिथूनच त्याला तडा गेला.

पुढचं सगळं वेगाने झालं. देणगीदार मागे सरले, कर्ज वाढलं, आणि 2006 मध्ये वृंदाला शाळेची इमारत सोडावी लागली. 23 मार्च 2007 रोजी टर्नबुल गेले. त्यांच्या स्मरणार्थ मुलं गायली, तो वृंदाचा शेवटचा अधिकृत कार्यक्रम ठरला. माजी विद्यार्थ्यांनी मात्र आपला वेगळा वृंद बांधला आणि ते पुन्हा मंचावर येऊ लागले.

ज्यांना हे आवाज ऐकायचे आहेत त्यांनी 1989 च्या ‘ग्लोरी’ चित्रपटापासून सुरुवात करावी. अमेरिकन यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या 54 व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीवरचा हा चित्रपट. फोर्ट वॅग्नरवरच्या चढाईला जेम्स हॉर्नर यांनी या मुलांचा आवाज वापरला आहे. त्यानंतर कॅथलीन बॅटल यांचा 1986 चा नाताळगीतांचा संग्रह आणि मग टेरेन्स ब्लँचर्ड यांचं ‘माल्कम एक्स’चं पार्श्वसंगीत. वृंदाचा स्वतःचा 1994 चा ‘द साउंड ऑफ होप’ हा संग्रह शेवटी ठेवावा आणि त्यात खालच्या पट्टीकडे मुद्दाम कान द्यावा. तिथे गाणारे तरुण काही वर्षांपूर्वी वरच्या पट्टीत गाणारी मुलं होती.