ढिगाऱ्याखालची धडधड

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळच्या सिंधुपालचोक जिल्ह्यात, चौतारा इथे, विटा-मातीच्या आणि लाकडी वाशांच्या ढिगाऱ्याखालून ४ माणसं जिवंत निघाली. काही जागी ढिगाऱ्याची जाडी १० फुटांपर्यंत होती. आत जीव आहे हे सांगितलं ते सुटकेसएवढ्या एका रडारने. त्याचं नाव ‘फाइंडर’. ते घडलं नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत. लांबवरच्या यानाची किंचितशी हालचाल रेडिओ लहरींवरून हेरणं हे तिथलं जुनं कसब; तेच माणसाच्या छातीवर वापरलं गेलं.

यंत्र ढिगाऱ्यात क्षीण सूक्ष्मलहरी सोडतं. त्यांची ताकद मोबाइलच्या हजाराव्या हिश्शाएवढी. बहुतेक लहरी विटांवर, सळ्यांवर आपटून परत येतात. हा परतावा प्रचंड असतो, पण स्थिर असतो. आतल्या माणसाची छाती मात्र श्वासागणिक काही मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्याने त्याहूनही कमी. स्थिर भाग वजा केला की हे लयीत हलणारं तेवढं उरतं. विश्रांतीत प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०, ठोके ६० ते १००. उंदराचं काळीज याच्या कितीतरी पट वेगाने धडधडतं, म्हणून तो लगेच वेगळा काढता येतो.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात वर उभे असलेले जवानही श्वास घेत असतात, जनरेटर थरथरतो, पत्रा वाऱ्याने हलतो, कुठेतरी पाणी ठिबकतं. या सगळ्यातून नेमकी माणसाची लय निवडायला कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते. एमआयटीत दिना कताबी यांच्या गटाने २०१८ मध्ये रेडिओ लहरींवरून भिंतीपलीकडच्या माणसाची ठेवण रेखाटून दाखवली. शिकवताना रेडिओ यंत्राशेजारी कॅमेरा ठेवला होता. कॅमेऱ्याला दिसलेलं ते उत्तर, असं मानून संगणक शिकला. कोसळलेल्या इमारतीत असा कॅमेरा कुठे ठेवणार? तिथे उत्तर कळतं ते खोदल्यावरच. मला तरी या तंत्रज्ञानाची खरी मेख हीच वाटते.

शिवाय चुकीच्या ‘हो’ची किंमतही मोठी. जुलै २०२४ मध्ये वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तेव्हा मुंडक्कई इथे एका रडारला श्वासासारखा संकेत मिळाला. रात्रीपर्यंत खोदकाम चाललं. कुणी सापडलं नाही. तेवढा वेळ खोदणारी माणसं आणि यंत्रं दुसरीकडे गेली नाहीत.

आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे: पाणी. सूक्ष्मलहरी पाण्यात झपाट्याने विरतात. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला इमारत कोसळली, त्यातून एक महिला २६ तासांनी जिवंत बाहेर आली. कोसळलेल्या इमारतीत स्लॅबांच्या मधे पोकळ्या राहतात, लहरींना वाट मिळते. अशा जागी हे रडार कामाचं. पण माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं ते जुलैत, ऐन पावसात; इर्शाळवाडीही जुलैतच. भिजलेला डोंगर अंगावर आला की पोकळ्याही भरतात आणि लहरीही विरतात. इर्शाळवाडीत रस्ताच नव्हता. मदतीची माणसं पायवाटेने चढली आणि हातांनी माती उपसू लागली. सुटकेसएवढं रडार पाठीवर टाकून नेता आलं असतं. त्या चिखलातून त्याला कितपत ऐकू आलं असतं, याबद्दल मात्र मी फारसा आशावादी नाही.