कुत्र्यासह मुक्काम : शेतावरील तळाची निवड

नागपूरच्या सीताबर्डीत शून्य मैलाचा स्तंभ उभा आहे. ह्या परिसरातून उत्तरेस जबलपूरकडे, दक्षिणेस हैदराबादकडे, पूर्वेस रायपूरकडे व पश्चिमेस अमरावतीकडे जाणारे रस्ते फुटतात. हिवाळा सुरू झाला की शहरातील अनेक कुटुंबे ह्याच रस्त्यांनी रामटेक, काटोल, उमरेड ह्या भागांत एक-दोन रात्रींच्या मुक्कामास निघतात. काही कुटुंबे तंबू बरोबर आणतात व त्यांच्यासोबत घरचा कुत्राही असतो. पुष्कळशा निवासगृहांत कुत्र्यास प्रवेश मिळत नाही आणि व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात सहलीस जाताना पाळीव जनावर नेण्यास मनाई असते. साहजिकच अशी मंडळी शेतकऱ्याकडे जागा मागतात. जागा द्यावी की न द्यावी, आणि दिल्यास कोणती द्यावी, असा प्रश्न मग शेतकऱ्यापुढे उभा राहतो व तो बहुधा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याकडे सल्ल्यासाठी येतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून शेतकऱ्यास पाहुण्यांच्या निवासाची सोय करता येते. शेतीला जोडधंदा म्हणून हा मार्ग चांगला आहे. परंतु पाहुण्यासोबत कुत्रा येणार असेल तर केवळ झाडाची सावली व विहिरीचे पाणी पाहून जागा ठरविणे पुरेसे नाही. कुत्र्यापासून तेथे कोणास अपाय होऊ शकतो, आणि तेथील कोणत्या गोष्टीपासून कुत्र्यास अपाय होऊ शकतो, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवून मगच तळ निश्चित करावयास हवा.

मेंढपाळांची रीत

कुत्र्यांसह मुक्काम करण्याचा सर्वांत जुना अनुभव आपल्याकडे मेंढपाळांपाशी आहे. धनगरांचे वाडे दरवर्षी कळप, घोडी व कुत्री घेऊन गावोगाव फिरतात. विदर्भात कुरमार मेंढपाळ आहेत. शिवाय कच्छचे रबारी उंट व मेंढ्या घेऊन येथवर येतात. ह्या लोकांच्या मुक्कामाची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. वाडा हलण्यापूर्वी जाणती माणसे पुढे जाऊन जागा पाहून येतात. पाणी किती अंतरावर आहे, चारा कसा आहे, त्या बाजूस जनावरांत काही रोग आहे काय, शेतमालक राजी आहे काय, ह्याची चौकशी आधी होते. रात्री मेंढ्या वाघरीच्या आत कोंडल्या जातात व कुत्री भोवती राखण करतात. शेतकऱ्यास लेंडीखत मिळते व मेंढपाळास त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात.

ह्या रीतीचे मर्म असे की, परवानगी व पाहणी आधी होते आणि बिऱ्हाड नंतर उतरते. शहरी पाहुण्याच्या बाबतीत बहुधा उलट घडते. मोटार शेताच्या धुऱ्यावर येऊन उभी राहते, कुत्रा खाली उडी मारून मोकळा धावू लागतो आणि मग जागेची बोलणी सुरू होतात. एवढ्या वेळात एखादी गाभण शेळी बिथरण्यास किंवा गावातील कुत्र्यांशी झुंज जुंपण्यास उशीर लागत नाही. म्हणून पाहुण्याने निदान आदल्या दिवशी कळवावे व कुत्र्याची माहिती द्यावी, असा नियम यजमानाने ठेवणे हिताचे आहे.

जंगलालगतची जागा

नागपूर जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्प व उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. जंगलाच्या कडेची जागा पाहुण्यांस विशेष आवडते. कुत्र्यासाठी मात्र तीच सर्वांत अयोग्य होय. बिबट्या कुत्र्यास सहज भक्ष्य करतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या संशोधनात बिबट्याच्या आहारात पाळीव व मोकाट कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे आढळले. तंबूबाहेर खुंटीला बांधलेला कुत्रा अशा ठिकाणी बिबट्यास माणसांच्या वस्तीत बोलावून आणतो. कुत्र्याबरोबर तंबूत झोपलेल्या मुलांसही त्यामुळे धोका संभवतो.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. कुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा विषाणुजन्य रोग होतो व तो वन्य मांसभक्षकांत पसरू शकतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या जंगलात ह्या रोगाने सिंहांच्या संख्येपैकी सुमारे एक तृतीयांश सिंह नष्ट झाले. २०१८ साली गुजरातेतील गीरमध्ये थोड्याच दिवसांत २० हून अधिक सिंह मरण पावले, तेव्हा त्यांपैकी काहींत हाच विषाणू आढळला. पिसाळरोगाची लस डिस्टेंपरपासून संरक्षण देत नाही. त्यासाठी वेगळी लस टोचावी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याच्या ५ किलोमीटर परिसरातील गुराढोरांस संसर्गजन्य रोगांच्या लसी देण्याची तरतूद आहे. कुत्र्याच्या लशीची काळजी मात्र मालकानेच घ्यावयाची असते. ह्यास्तव जंगलाला लागून असलेल्या शेतात कुत्र्यासह रात्रीचा मुक्काम ठेवू नये. गावठाणाजवळची, घराच्या हाकेच्या अंतरावरील जागा द्यावी.

कुंपण, फवारणी व विषारी आमिष

रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडला जातो. हे कृत्य कायद्याने गुन्हा आहे. विदर्भात अशा तारेने वाघांचे व माणसांचेही बळी घेतले आहेत. अंधारात मोकळा सुटलेला कुत्रा तारेस चिकटला तर त्याला सोडवावयास धावणारा मालकही दगावण्याची भीती असते. तळ ठरविताना शेजारच्या शेतांतील कुंपणाचीही चौकशी करावी. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो व तो जिवावर बेतू नये अशी त्याची रचना असते. तरीदेखील कुत्रा त्यापासून दूरच ठेवावा.

पिकावरील औषधांची बाब अशीच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. माणसास बाधणारे विष कुत्र्यासही बाधते, आणि कुत्रा तर गवत हुंगतो, चिखलातील पाणी पितो व अंग चाटतो. अलीकडे फवारणी झालेल्या कपाशीच्या किंवा संत्र्याच्या बागेत तळ देऊ नये. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष मुक्कामाच्या जागेच्या आसपास असता कामा नये. कुत्र्याने ते खाल्ल्याचा संशय आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास गाठावे व कोणते औषध पोटात गेले तेही सांगावे. डबा किंवा वेष्टण सोबत नेल्यास उपचारास मदत होते.

कळप व जंत

कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी असतात. त्यांपैकी एका जातीच्या कृमीची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यावर पडून मेंढीच्या पोटात गेली की तिच्या मेंदूत पाण्याने भरलेली गाठ तयार होते. अशी मेंढी कळप सोडून एकाच बाजूस गोल गोल फिरू लागते व अखेर मरते. मेलेल्या मेंढीचे डोके कुत्र्यास खाऊ घातले म्हणजे रोगाचे चक्र पूर्ण होते. दुसऱ्या एका जातीच्या कृमीमुळे जनावरांच्या व माणसांच्याही यकृतात आणि फुप्फुसांत गाठी होतात. पुष्कळदा त्या शस्त्रक्रियेवाचून बऱ्या होत नाहीत.

ह्यावर उपाय सोपे आहेत. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कुत्र्यास ठराविक मुदतीने जंतनाशक औषध द्यावे. तळापासून कोरडा खड्डा खणून विष्ठा त्यात टाकावी व वर माती लोटावी. हा खड्डा विहीर, गोठा व भाजीच्या वाफ्यांपासून दूर असावा. कुत्र्यास कच्चे मांस किंवा मेलेल्या जनावराचे अवयव घालू नयेत. ज्या शेतात त्याच आठवड्यात मेंढ्या बसवावयाच्या असतील तेथे कुत्र्याचा तळ देऊ नये.

पिसाळरोग : लस हाच उपाय

आतापर्यंत सांगितलेल्या धोक्यांत सर्वांत भयंकर धोका पिसाळरोगाचा म्हणजेच रेबीजचा आहे. ह्या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. लुई पाश्चर ह्यांनी १८८५ साली ह्या रोगावरील लस पहिल्यांदा एका मुलास यशस्वीपणे दिली. तेव्हापासून प्रतिबंधाचा मार्ग माणसाच्या हाती आहे. कुत्र्यांमुळे माणसास होणारा हा रोग २०३० पर्यंत देशातून नाहीसा करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पहिली लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा वेळेवर द्याव्यात. प्रथमच लस द्यावयाची असल्यास ती प्रवासाच्या किमान एक महिना आधी दिलेली असावी, कारण अंगात प्रतिकारशक्ती येण्यास अवधी लागतो. यजमानाने पाहुण्याकडे लसीकरणाचा दाखला मागावा. दाखला मागण्यात पाहुण्याचा अपमान नाही. उलट पाहुण्यानेही यजमानास तोच प्रश्न विचारावा. शहरी कुत्र्यास लस टोचलेली असते व शेतावरील राखणीचा कुत्रा लशीवाचून राहिलेला असतो, असे पुष्कळदा दिसते. पाहुण्याकडे दाखला मागणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या कुत्र्याचा दाखला आधी तयार ठेवावा. त्याचा लाभ पाहुण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या मुलाबाळांस व गुरांस अधिक आहे.

इतकी काळजी घेऊनही कुत्रा चावलाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व जंतुनाशक औषध लावावे. जखमेत तिखट, चुना, हळद किंवा तेल भरू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. स्नायूत टोचावयाच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस घ्यावयाची असते. रक्त आलेल्या जखमेत ह्याशिवाय प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही आवश्यक असते. चावणारा कुत्रा ओळखीचा आहे किंवा त्याला लस दिली आहे, एवढ्यावर विसंबून स्वतःच्या मनाने उपचार टाळू नये. त्याबाबतचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

हंगाम व तळाची मांडणी

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच त्याला शरीरातील उष्णता बाहेर घालवावी लागते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ मुक्कामास योग्य समजावा. दिवसा उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत कुत्र्यास क्षणभरही ठेवू नये. कुत्रा फार धापा टाकू लागला, लाळ चिकट झाली किंवा तो झोकांड्या खाऊ लागला तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा व पशुवैद्यकास दाखवावे. पावसाळ्यात साप, गोचीड व चिखल ह्यांचा उपद्रव असल्याने तेव्हा तंबूचा मुक्काम टाळणे बरे.

तळासाठी उभ्या पिकाची जागा न देता पडीत पट्टा किंवा मोकळे खळे द्यावे. जमीन उंच, कोरडी व उजेडाची असावी. कुत्र्यास मजबूत पट्टा व दोन मीटर लांबीची दोरी असावी. त्याचे पाण्याचे भांडे वेगळे असावे व गुरांच्या हौदात त्याला तोंड घालू देऊ नये. रात्री तो मालकाजवळ, आडोशाच्या आत असावा. माजावर आलेली कुत्री प्रवासात आणू नये, कारण तिच्यामागे गावातील सारी कुत्री गोळा होतात व त्यातूनच चाव्याचे प्रसंग उद्भवतात. उरलेले कांदा-लसणाचे कालवण कुत्र्यास घालू नये, ते त्याच्या रक्तास अपायकारक असते. सकाळी निघण्यापूर्वी त्याच्या कानांत, काखेत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावात अशा जागा देऊ इच्छिणारे शेतकरी असतील तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने त्यांच्याबरोबर एकदा शिवारफेरी करावी. जंगलाची हद्द, विजेच्या तारा, फवारणीची शेते, मेंढ्यांचे मुक्काम व पाणवठे पाहून दोन-तीन योग्य जागा ठरवून ठेवाव्यात. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा १९६२ हा क्रमांक, आणि कुत्राचाव्यावरील लस मिळणारे आरोग्य केंद्र ह्यांची माहिती शेतावर मोठ्या अक्षरांत लावून घ्यावी. पशुवैद्यकास बोलावून गावातील सर्व कुत्र्यांच्या लसीकरणाचा एक दिवस ठरवावा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे आणि पाहुण्यांचा हंगाम त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी सुरू होतो. त्या दिवशी लस टोचून घेतल्यास हिवाळ्यापूर्वी पुरेसा अवधी मिळतो.

सीताबर्डीहून निघालेल्या कुटुंबास आपल्या कुत्र्यासह एक रात्र सुखाने काढता यावी, शेतकऱ्यास त्यातून दोन पैसे मिळावेत आणि दुसऱ्या दिवशी गावातील कोणावर किंवा कोणत्या कळपावर त्याचा वाईट परिणाम उरू नये, एवढे साधले की ती जागा योग्य होती असे म्हणावयास हरकत नाही. जाणता मेंढपाळ हे सारे वाडा उतरण्यापूर्वीच पाहून ठेवतो. शेतकरी बंधूंनीही पाहुणा दारात येण्याआधी ते पाहून ठेवावे.