ताजा सोर्स कोड आपल्या हातानं बांधायचा: टेसरॅक्ट आणि आपली मराठी



आज आपण एका सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आपल्या यंत्रावर उतरवून घेणार आहोत आणि त्यातून चालणारा प्रोग्रॅम बांधणार आहोत. हा कोड अजून आवृत्ती म्हणून प्रसिद्ध झालेला नसतो, त्यात सतत बदल होत असतात. सॉफ्टवेअरचं नाव टेसरॅक्ट. छापील पानाचं स्कॅन त्याला दिलं की त्यातली अक्षरं ओळखून तो मजकूर काढून देतो. मग तो मजकूर शोधता येतो, दुरुस्त करता येतो, मोठ्या अक्षरांत वाचता येतो. मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांची पानं मजकुरात आणायचं जे साधन आहे, त्यातही टेसरॅक्टचा पर्याय आहे.

तुमच्यापैकी बरेच जण विचारतील, "कर्नलसाहेब, तयार मिळतं ना, मग बांधायचा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. आधी त्याचं उत्तर देतो, कृती त्यानंतर.

टेसरॅक्टचा जन्म ह्यूलेट पॅकार्ड कंपनीत झाला. १९८५ ते १९९४ या काळात तिथं त्याच्यावर काम झालं. २००५ साली त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला गेला आणि २००६ पासून पुढं अनेक वर्षं गूगलनं त्याला पाठबळ दिलं. २०१८ साली चौथी आवृत्ती आली. तिच्यात न्यूरल नेटवर्कवर चालणारी, एकेक ओळ सलग वाचणारी नवी पद्धत होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाचवी आवृत्ती आली. आता गंमत पाहा. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटूची २२.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती निघाली. तिच्या भांडारात टेसरॅक्ट होतं ४.१.१. म्हणजे पाचवी आवृत्ती पाच महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली, आणि उबुंटूवाल्याच्या हाती मात्र चौथी. यात कुणाचा दोष नाही. मोठी यंत्रणा सामान तपासूनच कोठारात घेते, त्याला वेळ लागतो. पण कोठारातला माल आणि कारखान्यात आज चाललेलं काम यांत अंतर असतं, ते असं.

या अंतराचा आपल्या भाषेशी थेट संबंध आहे. समजा, तुम्हाला मराठी पानात एखादी चूक सापडली आणि ती तुम्ही प्रकल्पाला कळवली. तिथले लोक पहिला प्रश्न विचारणार, "हे आजच्या कोडवर होतं का?" तुमच्याकडे जुनी आवृत्ती असेल, तर उत्तर नाही. मग तुमची तक्रार तिथंच अडकते. ज्या भाषेचे लोक ताजा कोड बांधून तपासतात, त्यांची चूक पुढच्या आवृत्तीआधी दुरुस्त होण्याची शक्यता असते. बाकीच्यांची चूक पुढच्या आवृत्तीतही तशीच छापून येते. मराठी तपासायला जर्मनीतला किंवा अमेरिकेतला माणूस येणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

मी राहतो त्या बेंगळुरूला ही गोष्ट नवी नाही. २००१ साली इथं 'लिनक्स बंगलोर' नावाचा मेळावा सुरू झाला. २००५ पासून त्याचं नाव 'फॉस डॉट इन' झालं आणि २०१२ पर्यंत तो चालला. पुढच्या वर्षांत त्याचा भर मुद्दाम बदलला गेला. खुलं सॉफ्टवेअर नुसतं वापरू नका, त्यात भर घाला, इथंच बसून काम करा, असा तो आग्रह होता. माझ्या मते या शहरानं देशातल्या हौशी मंडळींना दिलेला हा मोठा धडा आहे.

आता कृती. मी उबुंटू धरून सांगतो. आज्ञा पुस्तकात उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पहिलं काम, हत्यारं गोळा करणं. सी प्लस प्लसचा कंपायलर, मेक, गिट, ऑटोमेक, लिबटूल आणि पीकेजी-कॉन्फिग. यांच्या जोडीला लेप्टोनिका नावाची लायब्ररी हवी. पानाचं चित्र उघडणं, काळंपांढरं करणं ही कामं टेसरॅक्ट तिच्याकडून करून घेतो. लेप्टोनिका घेताना तिचं 'डेव्ह' शेपटी असलेलं पॅकेज घ्यायचं. नुसत्या लायब्ररीवर प्रोग्रॅम चालतो, पण नवा प्रोग्रॅम बांधताना कंपायलरला तिच्या हेडर फायली लागतात आणि त्या 'डेव्ह'मध्येच असतात. नव्या माणसाचं घोडं बहुतेक वेळा इथंच अडतं.

दुसरं काम, कोड उतरवणं. गिटहबवर टेसरॅक्टचं अधिकृत भांडार आहे. तिथूनच घ्यायचं, कुणी पाठवलेल्या झिप फायलीतून नाही. 'गिट क्लोन' ही आज्ञा आणि पुढं भांडाराचा पत्ता. यात आजच्या कोडबरोबर त्याचा सगळा इतिहासही येतो. कोणी, कधी, कोणती ओळ, का बदलली, याची नोंद तुमच्या डिस्कवर असते. लष्करात युनिटची वॉर डायरी असते, तसंच हे. 'मेन' नावाच्या शाखेवर चालू काम असतं, आणि प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक आवृत्तीवर एक टॅग लावलेला असतो.

तिसरं काम, बांधणी. फोल्डरमध्ये शिरायचं आणि क्रमानं तीन पायऱ्या चढायच्या. आधी 'ऑटोजेन' ही स्क्रिप्ट चालवायची. ती पुढच्या पायरीसाठी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट तयार करते. प्रसिद्ध आवृत्तीच्या गठ्ठ्यात 'कॉन्फिगर' बहुतेकदा तयार असते. भांडारातून आणलेल्या कोडमध्ये ती आपण तयार करायची, हा फरक लक्षात ठेवा. मग 'कॉन्फिगर'. ही मोहिमेआधीची पाहणी. कंपायलर आहे का, लेप्टोनिका आहे का, पुरेशी नवी आहे का, हे ती तपासते आणि काही नसेल तर नाव घेऊन थांबते. शेवटी 'मेक'. इथं खरं कंपायलिंग होतं. पडद्यावर ओळींचा पूर येतो, घाबरू नका. काही अडलं तर शेवटची ओळ वाचून उपयोग नाही. वर जाऊन 'एरर' हा शब्द असलेली पहिली ओळ शोधा. खालचे बाकीचे त्या एकाच चुकीचे पडसाद असतात.

इथं एक शिस्त पाळा. 'कॉन्फिगर'ला 'प्रीफिक्स' नावाचा पर्याय देता येतो. त्यात आपल्या होम फोल्डरमधली जागा सांगा. मग 'मेक इन्स्टॉल' केल्यावर ताजं टेसरॅक्ट तिथंच बसतं. सिस्टिममधलं जुनं सुरक्षित राहतं आणि सुडो वापरून प्रशासकाचे अधिकार देण्याचीही गरज पडत नाही. डेव्हलपमेंट कोड म्हणजे सरावाचं मैदान आहे. आज चालतं ते उद्या बिघडू शकतं, त्यामुळे रोजचं काम त्याच्यावर टाकू नका.

चौथं काम, भाषेची फाइल. बांधलेला प्रोग्रॅम म्हणजे इंजिन. त्याला एकही अक्षर येत नसतं. मराठीचं शिक्षण वेगळ्या फाइलमध्ये असतं. तिचं नाव 'मार', शेपटी 'ट्रेनडेटा'. ती प्रकल्पाच्या तीन भांडारांत मिळते. 'बेस्ट' अचूकतेसाठी, 'फास्ट' वेगासाठी आणि तिसरं 'टेसडेटा'. आपल्या प्रीफिक्सच्या आत 'शेअर' आणि त्यात 'टेसडेटा' असं फोल्डर असतं, फाइल तिथं ठेवा. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. अक्षर चुकीचं ओळखलं गेलं, तर दोष इंजिनात असू शकतो किंवा शिक्षणात. इंजिन नवं केलं म्हणून शिक्षण सुधारत नाही. म्हणून चाचणी करताना दोन्हींची नोंद ठेवा.

पाचवं काम, ओळख परेड. नव्या प्रोग्रॅमला त्याचा पूर्ण मार्ग देऊन हाक मारा, नाहीतर जुनाच पुढं येऊन "हजर" म्हणेल. 'व्हर्जन' विचारलं की प्रसिद्ध क्रमांकाच्या पुढं आणखी एक आकडा आणि एक सांकेतिक अक्षरमाला दिसते. आकडा सांगतो की शेवटच्या टॅगनंतर किती बदल झाले. अक्षरमाला सांगते की नेमका कोणता बदल तुमच्याकडे आहे. तक्रारीत ही ओळ जशीच्या तशी द्यायची.

आता खरी परीक्षा, मराठीची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. संदेशात हा फरक चुकला तर पलटण सह्याद्रीऐवजी अरबी समुद्रात उतरेल. 'आचार्यांना' बोलावलं आणि 'आचाऱ्यांना' बोलावलं, यात तर अख्ख्या समारंभाचा फरक आहे. हा अर्धचंद्रासारखा र हिंदीत नाही, त्यामुळे हिंदी तपासणाऱ्याला तो दिसणारच नाही. शिवाय युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तेव्हा चाचणीच्या पानात दऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, बाळ, ॲडव्होकेट, ऑफिस असे शब्द मुद्दाम असू द्या.

चूक सापडली की कळवण्याचीही रीत आहे. व्हर्जनची ओळ, ऑपरेटिंग सिस्टिम, वापरलेली आज्ञा, एका ओळीपुरतं कापलेलं चित्र, काय यायला हवं होतं आणि काय आलं. देवनागरी न वाचणाऱ्या माणसालाही फरक दिसेल अशी खूण करा. घरातली खासगी कागदपत्रं मात्र जाहीर जागी चढवू नका. तोच शब्द वेगळ्या कागदावर छापून त्याचं स्कॅन द्या.

आणि जे आधी नीट चालत होतं ते आता बिघडलं असेल, तर 'गिट बायसेक्ट' वापरा. चांगला बदल आणि वाईट बदल अशी दोन टोकं सांगितली की गिट मधला बदल काढून देतो. बांधा, तपासा, चांगला की वाईट ते सांगा. दर वेळी निम्मे बदल गळतात. १,००० बदलांतून दोषी बदल साधारण १० चाचण्यांत सापडतो. इतका नेमका पुरावा हाती असेल, तर कार्यक्रम न लिहिता येणारा माणूसही प्रकल्पाच्या मोठ्या उपयोगाचा ठरतो.

आमच्या पिढीला रायफल हाती आली की ती उघडून, पुसून, पुन्हा जोडायला शिकवलं जाई. हेतू सरळ होता, ऐन वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहायला लागू नये. खुल्या सॉफ्टवेअरनं आपल्या भाषेच्या बाबतीत हाच हक्क आपल्याला दिलेला आहे. घेतला नाही, तर तो कागदावरच राहील.

या आठवड्याचं काम सांगतो. घरातल्या एखाद्या जुन्या छापील मराठी पुस्तकाचं एक पान स्कॅन करा. ते सिस्टिममधल्या टेसरॅक्टला द्या आणि स्वतः बांधलेल्यालाही द्या. दोन्हींचे निकाल शेजारी ठेवून ओळीओळीनं वाचा. इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, पान तुमच्याकडचंच घ्या. जितक्या ठिकाणची छपाई, तितकी चाचणी पक्की.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.