बुटाची पारख

पगडी-उपरण्याच्या काळी पुण्यात तांबडा पुणेरी जोडा पायांत असे. त्यास नाडी नव्हती. नाडीच्या बुटांचे मुख्य प्रकार दोन. ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या पट्ट्या पुढील चामड्याखाली शिवतात, म्हणून तो आवळ बसतो. डर्बीत त्या वरून शिवतात, म्हणून उंच पावलास तोच सुखावह.

पाय दिवसभरात किंचित फुगतो. सबब खरेदी सायंकाळी करावी. उभे राहून दोन्ही पायांचे माप द्यावे व मोठ्या पायाचा बूट घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. चामडे वापराने रुंदीत सैलावते, लांबीत नव्हे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यास बूट चावल्याचे कळतही नाही, आणि जखम चिघळते. अशाने बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा.