दुकान वाढवताना कॉम्प्युटरचे काय करायचे?

सानपाड्यात आज किराणा दुकान असो, औषधांचे दुकान असो, फोटो स्टुडिओ असो की एम्ब्रॉयडरीचे काम, गल्ल्याशेजारी कॉम्प्युटर असतोच. रात्री दुकान वाढवताना तो बंद करावा की चालू ठेवावा, याबाबत मात्र दोन तट आहेत. एक म्हणतो, रोज चालू-बंद केल्याने मशीन लवकर जाते. दुसरा म्हणतो, वीज फुकट का जाळायची?

पहिल्या मताला एके काळी थोडा आधार होता. जुन्या हार्ड डिस्कवर सुरू होताना ताण पडे, म्हणून मोठ्या कचेऱ्यांतील संगणक रात्रंदिवस चालू असत. आता दिवसातून एकदा बंद केल्याने काही बिघडत नाही. नव्या एस.एस.डी.मध्ये तर फिरणारा भागच नसतो.

आता हिशेब पाहा. मॉनिटरसह साधा कॉम्प्युटर काम नसतानाही सुमारे 80 वॅट घेतो असे धरू. रात्री 10 ते सकाळी 10 असे 12 तास म्हणजे जवळजवळ एक युनिट. महिन्याला 29 युनिट, वर्षाला 350. युनिटचा दर 10 रुपये धरला तर साडेतीन हजार रुपये नुसत्या झोपलेल्या दुकानाचे! आपला खरा दर महावितरणच्या बिलावर पाहून गुणाकार करावा. दुपारच्या जेवणाला किंवा जुम्याच्या नमाजला तासभर जाताना मात्र बंद करण्याची गरज नाही. 'स्लीप' करून जावे, त्यात दोन-तीन वॅटच लागतात.

पण व्यापाऱ्याचे खरे नुकसान बिलात नाही, हिशेबाच्या फाइलमध्ये आहे. अनेक दुकानांत कॉम्प्युटर चालू असतानाच नोकर मेन स्विच पाडतो आणि शटर ओढतो. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल तर फाइल अर्धवट राहते आणि वर्षभराचा हिशेब उघडेनासा होतो. रात्रभर चालू ठेवलेल्या मशीनचेही तेच. पावसाळ्यात लाइट गेली की यू.पी.एस. साधारण दहा-पंधरा मिनिटे तग धरतो, पुढे मशीन धाडकन बंद. सोमवार, 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली व कित्येक ठिकाणी काही तास आली नाही. यू.पी.एस. दुकान चालवण्यासाठी नसतो, काम जतन करून मशीन नीट बंद करण्यासाठी असतो, हे त्या दिवशी अनेकांना कळले असेल. म्हणून आधी शट डाऊन, मग यू.पी.एस.चे बटण, शेवटी मेन.

चालू संगणकाला दुसरा धोका नेटवरून येतो. 27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला होता, हे दुकानदारांनी ध्यानात ठेवावे. आपल्या शेजारी न्हावा-शेवा बंदरातील मायर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही त्याने ठप्प केले. कंपनीला 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. तिच्या जगभरच्या नेटवर्कची किल्ली म्हणावी अशा माहितीची एकच प्रत शाबूत सापडली, ती आफ्रिकेतील घाना देशातल्या कचेरीत. कारण? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते मशीन बंद पडले होते! बंद मशीन म्हणजे कायमचे संरक्षण असे नव्हे, सकाळी सुरू केल्यावर धोका असतोच. पण ज्या प्रतीला तार जोडलेली नाही ती वाचते. हिशेबाची प्रत रोज पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून घरी न्यावा. मशीनला लटकत ठेवलेला पेन ड्राइव्ह मशीनबरोबरच जातो.

काहींना चालू ठेवणे भागच आहे. तुर्भ्याच्या बाजार समितीत माल पहाटेपूर्वी उतरतो, तिथल्या पेढीचा दिवस रात्रीच सुरू होतो. फ्लेक्स छापणाऱ्यांचे मोठे काम रात्री लागते. सी.सी.टी.व्ही.चा रेकॉर्डर तर रात्रीसाठीच असतो. त्याची लाइन वायरमनकडून वेगळी काढून घ्यावी, नाहीतर मेन पाडल्यावर चोराची सोय होते. अशा मशीनला आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' द्यावे. 2012 च्या विंडोज 8 पासून साध्या शट डाऊनमध्ये यंत्रणेचा काही भाग डिस्कवर साठवून पुन्हा तसाच उचलला जातो; पूर्ण ताजी सुरुवात रीस्टार्टनेच होते. म्हणून रोज बंद करणाऱ्यांनीही ते अधूनमधून करावे.

स्टुडिओवाल्यांसाठी आणखी एक. शाईचा प्रिंटर बोर्डाच्या स्विचवरून कधी बंद करू नये. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन झाकले जाते. उघडे राहिले तर शाई सुकते, आणि नवे हेड पुष्कळदा जुन्या प्रिंटरच्या किमतीला पडते.