कुर्ल्याची गाडी, आडुगोडीचा प्लग

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांना त्या काळात खरी ओढ मोटारींची होती, हे कमी जणांना. मोटार कारखान्याचा आराखडा सर विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकातच तयार ठेवला होता. हा कारखाना आधी मुंबईत आणि तिथे जमेना तेव्हा म्हैसूर संस्थानात उभा करायचे घाटत होते. 1939 साली वालचंद अमेरिकेला गेले ते क्रायस्लरशी बोलणी करायला. त्या प्रवासात विल्यम पॉली हा विमानांच्या धंद्यातला माणूस भेटला आणि 23 डिसेंबर 1940 रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची नोंदणी झाली. मोटारीला मात्र इंग्रज सरकारने दाद दिली नाही. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली ती मुंबईत, आणि कारखाना गेला कुर्ल्याला.

बंगळुराच्या वाट्याला मोटार नाही, पण मोटारीची ठिणगी आली. 1951 मध्ये जर्मनीच्या बॉशच्या सहकार्याने ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’ उर्फ मायको सुरू झाली आणि आडुगोडीच्या कारखान्यातून स्पार्क प्लग आणि डिझेल इंजिनांचे इंधनपंप देशभर जाऊ लागले. 2008 मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले तरी बंगळुरात मायको लेआउट आणि नाशकात मायको सर्कल अजून जागच्या जागी आहेत. हा इतिहास आठवायचे कारण असे, की या शहरात जुनी फियाट किंवा अॅम्बॅसॅडर बाळगणाऱ्यांमध्ये सध्या एकच वाद रंगतो: सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट ठेवायचे, की काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे?

पॉइंटची पद्धत शंभर वर्षांहून जुनी. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने ती बसवली आणि 1910 च्या सुमारास ती कॅडिलॅकमध्ये आली. डिस्ट्रिब्युटरमध्ये इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणारा दांडा असतो, त्यावर चार उंचवटे. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन कॉइलच्या जाड वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो. उंचवट्याने पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटच्या तोंडावरच ठिणगी उडून वाया जाऊ नये म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. बस्स, एवढाच कारभार. मिनिटाला 3000 फेऱ्या घेणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात हे सेकंदाला शंभर वेळा घडते, म्हणजे तासाला 3,60,000 वेळा.

इतक्या वेळा उघडमीट केल्यावर दोन गोष्टी झिजतात. पॉइंटच्या टोकांवर एकीकडे खड्डा पडतो, दुसरीकडे टेंगूळ येते. ते सगळ्यांना दिसते. दुसरी झीज तेवढी नजरेत भरत नाही. उंचवट्यावर घासणारी फायबरची टाच झिजत जाते, त्यामुळे पॉइंटमधली फट कमी होते, ते उशिरा उघडतात, आणि टायमिंग मागे पडते. पॉइंट मिटून राहण्याचा कोन, म्हणजे ड्वेल, एका अंशाने वाढला की क्रँकवरचे टायमिंग साधारण एका अंशाने सरकते. गाडी एके दिवशी बंद पडत नाही; ती रोज थोडी सुस्तावते. पिकअप जातो, इंजिन तापते, पेट्रोल जास्त लागते आणि मालक म्हणतो, वय झाले आता. वय झालेले असते टाचेचे.

बंगळुरातल्या जे. सी. रोडवरचा मुरलेला मेकॅनिक पॉइंट लावतो ते बघण्यासारखे असते. कॅप काढायची, रोटर ओढून काढायचा, इंजिन हाताने फिरवत टाच उंचवट्याच्या माथ्यावर आणायची. मग स्क्रू जरासा सैल करून फटीत फीलर गेजची पाती सरकवायची. अॅम्बॅसॅडरला पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. पाती ना अडकली पाहिजे, ना सुटी सरकली पाहिजे. स्क्रू आवळताना पट्टी हमखास हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचे. पुढे टायमिंगसाठी बल्बला दोन वायरी, एक कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. बल्ब पेटला तो क्षण पॉइंट उघडण्याचा. फीलर गेज नसेल तर हॅक्सॉचे पाते किंवा पोस्टकार्डही चालवून घेणारे आहेत. चालते, पण अंदाजाने.

मग एवढी वर्षे जे चालले ते आताच का खटकते? माझ्या मते दोष तंत्रापेक्षा बाजाराचा आहे. कुर्ल्याच्या फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्या, सुट्या भागांचा धंदा जिवंत ठेवला तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. रोज धावणारे गिऱ्हाईक गेले, की चांगला माल बनवण्यात कुणाला रस उरत नाही. शिवाजीनगरच्या गुजरीत जुना शिल्लक माल मिळाला तर नशीब. नाहीतर खोक्यातून येतात ते टाच लवकर झिजणारे पॉइंट आणि गरम झाल्यावर दम सोडणारे कंडेन्सर. सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत इंजिन तापून गाडी मिस मारू लागली, तर संशय आधी कंडेन्सरवर घ्यावा.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत पॉइंटचे काम ट्रान्झिस्टर करतो. साठच्या दशकात आलेल्या पहिल्या संचांत पॉइंट जागेवर राहत, फक्त त्यांच्यावरचा भार कमी होई. टोके जळत नसत, पण टाच झिजतच असे. पुढच्या संचांनी पॉइंट काढूनच टाकले. उंचवट्यांवर चुंबकांची कडी बसते आणि पॉइंटच्या जागी हॉल सेन्सर. एडविन हॉलने 1879 मध्ये दाखवलेला परिणाम इथे कामी येतो: चुंबक समोरून गेला की सेन्सरला कळते आणि तो कॉइलचा प्रवाह तोडतो. घासणारे काहीच नसल्यामुळे झिजणारेही काही नाही. ज्या क्रायस्लरच्या दारी वालचंद गेले होते, तिनेच सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांत पॉइंट निकालात काढले. कुर्ल्याची गाडी पुढेही पॉइंटवरच धावत राहिली.

बसवायला अर्धा तास पुरतो, असे संच विकणारे सांगतात, आणि ते खोटे नाही. पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, सेन्सरची पट्टी त्याच स्क्रूवर बसवायची, कडी दाबून घालायची, लाल वायर इग्निशनच्या बारा व्होल्टला, काळी कॉइलच्या ऋण टोकाला. पण मागवण्याआधी डिस्ट्रिब्युटरवरचा नंबर पुसून वाचावा. ब्रिटिश लुकसच्या घराण्यातल्या डिस्ट्रिब्युटरला संच सहज मिळतात, फियाटसाठी जास्त शोधावे लागते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला असे. तिथे नेहमीचा संच जोडला तर तो चालू होण्याआधीच जातो. कॉइलचा रोध मोजावा: तीन ओहमची कॉइल थेट बारा व्होल्टवर चालते, दीड ओहमच्या कॉइलला बॅलास्ट लागतो, नाहीतर मॉड्यूल भाजते. साध्या तांब्याच्या प्लग वायरी सेन्सरला गोंधळात टाकतात. रोध असलेल्या वायरी घ्याव्यात. आणि गाडीला अजून डायनॅमो असेल तर लाल सिग्नलला दिवे चालू असताना व्होल्टेज किती उरते ते बघावे. डायनॅमो मंद गतीत फारसा चार्ज करत नाही आणि बंगळुरात गाडी मंद गतीतच जास्त असते.

पिकअप दुप्पट होतो वगैरे जे ऐकायला मिळते, त्यावर माझा विश्वास नाही. नीट लावलेले पॉइंट आणि इलेक्ट्रॉनिक संच यांच्या ताकदीत साध्या इंजिनात फारसा फरक पडत नाही. संच बसवताना बहुतेकांनी कित्येक वर्षांत प्रथमच टायमिंग नीट जुळवलेले असते, नवे प्लग घातलेले असतात; गाडी त्याने सुधारते आणि श्रेय मॉड्यूलला जाते. मॉड्यूलचे खरे देणे म्हणजे टायमिंग पुढच्या वर्षीही तिथेच राहते. डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजून दांडा डगमगत असेल, अॅडव्हान्सच्या स्प्रिंगा ताणलेल्या असतील, तर ते दुखणे सेन्सर झाकतो, बरे करत नाही. बुश आधी, संच नंतर. हा क्रम उलटा करणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

मूळपणाचा प्रश्न निघतोच. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा. कॅपखाली लपणारा आणि परत काढता येणारा सेन्सर त्या अर्थाने मोठा फेरफार ठरू नये. स्पर्धेतल्या परीक्षकाने कॅप उघडलीच, तर गुण जातील इतकेच. मला त्याहून मोठा प्रश्न पेट्रोलचा वाटतो. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशात पहिल्यांदा विक्रीला आले त्याचा समारंभ 6 फेब्रुवारी 2023 रोजी याच शहरात झाला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण विरळ होते आणि विरळ मिश्रण पेटायला जड. जोरकस ठिणगी तिथे मदत करते. जेट आणि रबरी नळ्या मात्र मुकाट्याने बदलाव्याच लागतात.

पॉइंटची एक बाजू मात्र मान्य केलीच पाहिजे. ते बिघडतात तेव्हा आधी कुरकुरतात; चित्रदुर्गाच्या पुढे, रात्री, पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून गाडी धाब्यापर्यंत नेता येते. मॉड्यूल सांगून जात नाही आणि महामार्गावरच्या गॅरेजात त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून काढलेली पॉइंटची प्लेट फेकू नये. फट लावून, चालू अवस्थेतला कंडेन्सर तिच्यावर जोडूनच ती डिकीत ठेवावी, सोबत आखूड स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज. आणि इंजिन बंद असताना रेडिओ ऐकायला चावी इग्निशनवर ठेवू नये. साध्या संचांपैकी अनेक त्यानेच जळतात.