उन्हाळी मुलखांतील तांबडी द्राक्षमदिरा

२००१ सालच्या सरकारी धोरणापासून नाशिकाकडे मदिरेचे कारखाने वाढले. तेव्हां अकोल्यासहि तीं द्राक्षें कां न लावावीं, असें जठारपेठेंतील कांहीं बागाईतदार आम्हांस विचारितात. कडक उन्हानें द्राक्षांत साखर झपाट्यानें चढते, आंबटपणा उतरतो. रात्री उष्ण असल्यास सालीचा रंगहि फिका पडतो. म्हणून नाशिकाकडे एप्रिलांत खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरांत फळछाटणी करून माल फेब्रुवारी-मार्चांत उतरवितात. एका जातींत सर्व गुण सांपडत नाहींत. यास्तव शिराजचा रंग व मिऱ्यासारखा स्वाद, कॅबर्नेचा तुरटपणा, असें मिश्रण करितात. (आम्ही स्वतः चाखलेली नाहीं.) नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें १९०० फूट, अकोलें ९०० फूट, आमच्या रात्री लवकर तापतात. हौसेनें चार वेल लावून पाहावे. त्यासाठीं शेत गहाण टाकूं नये.